धाडचा चुन्यातला चौक

बुलढाण्याहून धाडच्या एसटीत बसलो तेव्हा मनात एकच इच्छा होती, प्रज्ञानं तिथं आखलेल्या चौकात चूक सापडावी. प्रज्ञा माझी कॉलेजातली मैत्रीण. दोघंही रस्ते आखणारे इंजिनिअर. आमच्या गावात शाळेपुढच्या चौकासाठी मी मधोमध कारंजं असलेलं ऐसपैस सर्कल काढलं होतं. साहेब म्हणाले, "आधी धाडचं बघून या." ते मला चांगलंच झोंबलं. आमच्या गावच्या त्या चौकातून आमची मुलगी सायकलनं शाळेत जाते, याची आठवण बायकोनं निघताना करून दिली ती वेगळीच.

उतरलो तो बाजाराचा दिवस. सर्कल बघून बरं वाटलं. एवढंसं तर होतं, मध्ये गवताचा उंचवटा आणि बाकी काही नाही. कोपऱ्यावर आलूबोंडा (आपला बटाटेवडा) खात मी खोळंब्याची वाट बघत बसलो. एक काळीपिवळी (शेअर जीप) आली, तोंडाशीच्या वळणानं मंदावली, आतल्या बैलगाडीला जाऊ दिलं आणि मग शिरली. पोलीस नाही, शिट्टी नाही. आलूबोंडा गोड लागेना.

"इथं सगळे थांबतात कसे?" मी शेजारच्या भाजीवालीला विचारलं.

"आमीच आखेल हाये तं," ती म्हणाली. "मॅडमनं मैदानात फक्की (आखणीची चुन्याची पूड) टाकली, समद्यायले गाड्या फिरवाले लावल्या. माह्या देराच्या बैलगाडीनं चुना पुसला, तं मॅडमनं रेघच सरकवली."

हे मला का सुचलं नाही? मी जळून गेलो.

तेवढ्यात स्कूटीवरून प्रज्ञाच आली. "काऊन बे, चूक सापडली का?"

सापडली होती. "जीपवाले उतारू घ्यायला सर्कलच्या तोंडाशीच थांबतात," मी आनंदानं सांगितलं.

"हाव, ते चुकलंच माह्यं. मैदानात रिकाम्या जीपा फिरवल्या. तू आखशील तवा माणसं बसवून आख."

इतक्या सहज चूक कबूल करणाऱ्या बाईचा तर आणखीच हेवा वाटला. परतीच्या एसटीत तिच्यावर चिडायला काही कारण सापडेना, म्हणून खिडकीवर चिडलो.

घरी येऊन कारंज्याचा नकाशा गुंडाळून ठेवला. रविवारी शाळेच्या मैदानावर फक्की टाकली, रिक्षांत माणसं बसवली आणि मुलीला सायकल घेऊन आत सोडलं. भरलेली रिक्षा वळणाशी मंदावली, थांबली. मुलगी पाय न टेकता पुढे गेली.

"वा, कल्पना तुमची?" बघायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

हो म्हणावंसं फार वाटलं. "प्रज्ञाची," मी म्हणालो. "रिक्षात माणसं बसवायचं तेवढं माझ्यामुळे."