खोक्यावरचे नव्वद तास

माझे सासरे खोक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचे, तोही गिऱ्हाइकासमोर. वायरलेस गेमिंग माऊसचं खोकं दोन बोटांत लांब धरायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा, "नव्वद तास बॅटरी" एवढंच वाचायचं आणि माझ्याकडे वळून विचारायचं, "जवाईबापू, हाई कोनी मोजं?" म्हणजे, हे कोणी मोजलं? मग गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघायचं. मी काय सांगणार, कपाळ? मी खोकं कधी धड वाचलेलंही नसायचं.

नाना मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. उभी नोकरी भुसावळला रेल्वेत गेली, गाडीच्या डब्यांखाली ज्या दिव्या-पंख्यांच्या बॅटऱ्या असतात त्या सांभाळण्यात. सासूबाई गेल्यावर माझी बायको वर्षा त्यांना मेहरूणला आमच्या घरी घेऊन यायला निघाली, तर हा माणूस यायला तयार होईना. मुलीच्या घरचं पाणीही न पिणाऱ्यांची ती पिढी. शेवटी त्यांनी अट घातली. तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मला काम द्या, काम असेल तोवर राहीन, काम संपलं की चाललो. मी लगेच हो म्हणून टाकलं. म्हातारा माणूस, बसेल कोपऱ्यात पेपर वाचत, असं मी धरून चाललो होतो. इतका मूर्खपणा मी पुन्हा क्वचितच केला असेल.

तिसऱ्या आठवड्यात दहा नवे माऊस आले. चहा घेऊन परत येतो तर नानांनी एकाचं सील फाडलेलं. मी म्हटलं, "नाना, सील फुटलं की तो नवा म्हणून विकता येत नाही."

"इकाना नहीच शे तो," नाना म्हणाले. "तो पायलट शे."

रेल्वेत म्हणे अशी रीत होती. डब्याखाली सेलची रांगच्या रांग, रोज सगळे कोण तपासणार? म्हणून त्यातला एक नेमायचा, त्याला पायलट म्हणायचं. त्याचं पाणी, त्याचा व्होल्ट काटेकोर बघायचा आणि त्याच्यावरून बाकीच्यांची तब्येत ओळखायची. तपासणाऱ्याने तिथल्या तिथे खडूने आकडा लिहून खाली सही ठोकायची. आता हीच रीत माझ्या दुकानात सुरू झाली. प्रत्येक नव्या मॉडेलमधला एक माऊस नानांच्या तावडीत.

त्यासाठी त्यांनी माळ्यावरचा जुना टेबलफॅन उतरवला, त्याची पाती काढली आणि मानेला लाकडी पट्टी बांधली. पट्टीच्या टोकाला माऊस. फॅन मान हलवणार आणि माऊस पॅडवर डावी-उजवी फिरणार. सकाळी दुकान उघडलं की सुरू, कुलूप लावताना बंद. वीज गेली की नाना घड्याळ बघून तेवढी मिनिटं वजा करायचे. भर रस्त्यावरच्या माझ्या दुकानात पाती नसलेला पंखा दिवसभर नाही-नाही म्हणत बसलेला असायचा आणि माझं डोकं उठायचं.

बरं, ज्ञान तरी काही असावं ना. नवा माऊस सोळा तास चार्जिंगला लावल्याशिवाय ते हात लावू द्यायचे नाहीत. लिथियमच्या बॅटरीला असलं काही लागत नाही, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. त्यांनी माऊस उलटासुलटा केला आणि विचारलं, "यामा पानी कठे टाकतस?" पाणी टाकायला जागा नाही ती बॅटरीच नव्हे, हे त्यांचं शेवटपर्यंतचं मत. माऊसच्या पोटात रंगीत दिवे लागतात, त्याचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. "दिवा लाईसन हाऊ उंदीर कठे चालना?" म्हणजे, दिवा लावून हा उंदीर कुठे निघाला, असं म्हणून ते गिऱ्हाइकाला हसवायचे, आणि हसलेलं गिऱ्हाईक साधा वायरवाला माऊस घेऊन जायचं.

पण त्या पहिल्या पायलटचं झालं काय ते सांगतो. तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीनवर चाळीस टक्के बॅटरी दिसत होती आणि तासाभरात माऊस गप्प. एकूण सत्तावीस तास. मी म्हटलं, नाना, तुम्ही दिवे चालू ठेवलेत, पोलिंग रेट वरचा ठेवलात. पोलिंग रेट म्हणजे माऊस कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा आपला ठावठिकाणा कळवतो ते. जितक्या वेळा कळवेल तितकी बॅटरी खाईल. खोक्यावरचे नव्वद तास दिवे बंद आणि रेट खालचा ठेवून काढलेले असतात. नाना म्हणाले, "घेनारा कशा वापरस?" खरं तर घेणारा दिवे लावूनच वापरतो. त्याला दिवेच तर हवे असतात.

दुसऱ्या दिवशी शेल्फवर पुठ्ठ्याचा तुकडा उभा. त्यावर निळ्या खडूने: खोक्यावर ९०, चालला २७, दिवे चालू. खाली सही.

यानंतर लोक नानांचा आकडा विचारायला लागले. त्यांत रफिक मास्तर, लेडीज टेलर, वय पस्तीस, दिवसभर ब्लाऊज शिवणार आणि रविवारी टीम घेऊन कॉम्प्युटरवर गोळीबार खेळणार. त्यांचा माऊस अडकायचा, मी दोनदा बॅटरीला शिव्या घालून त्यांना परत पाठवलं होतं. नानांनी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं, तर माऊसचा छोटा रिसीव्हर पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, भिंतीला टेकून खोचलेला. एका वायरने तो टेबलावर माऊसच्या पुढ्यात आणून ठेवला, अडकणं बंद. तेव्हापासून मास्तर मला विचारेनासेच झाले, थेट नानांकडे जायचे. मला राग यायचा. दुकान माझं होतं ना.

मग नाशिकहून कंपनीचा सेल्समन आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि माऊस हातात धरायची अक्कल नाही. त्याने शेल्फवरची पाटी वाचली, पंख्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. हा तमाशा आजच्या आज उचला, नाहीतर एजन्सी समोरच्या दुकानाला जाईल, म्हणाला. नाना तीन हातांवर बसले होते, सगळं ऐकू जात होतं. मी "हो सर, हो सर" करत राहिलो. त्या "सर"ची मला आजही किळस येते.

तो गेल्यावर मी पाट्या गोळा केल्या आणि पंख्याचं बटण बंद केलं. नाना म्हणाले, "मंग मी आठे काय करस?"

"काही करू नका. बसा निवांत, चहा प्या, पेपर वाचा."

बोलून गेलो आणि बोललेलं ऐकू आलं. त्यांची अट मला पाठ होती. तरीही मी शब्द परत घेतला नाही, कारण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नानांनी पुढ्यातला चहा न पिता कप सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एसटी धरून ते गावी पुतण्याकडे गेले. वर्षाने मला एवढंच विचारलं, "तू त्यांना काय म्हणालास?" मी सांगितलं. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

दोन महिन्यांनी रफिक मास्तर नवा माऊस घ्यायला आले. फायनल होती. "नाना का नंबर क्या है इसका?" मी म्हटलं, मास्तर, एकदा चार्ज करा, आठवडाभर बघायला नको. लग्नसराईतला रविवार, ब्लाऊजांचा ढीग तसाच सोडून, दुकान बंद ठेवून ते खेळायला गेले. शेवटच्या फेरीत माऊस मेला. चार्जिंगची वायर सोबत नेलीच नव्हती, कारण मी आठवडा सांगितला होता. टीम बाहेर. सोमवारी त्यांनी माऊस माझ्या काउंटरवर आणून ठेवला. आवाज चढवला नाही. "गलती मेरी है," म्हणाले, "नंबर नाना का पूछा था, आपका मान लिया."

मी शटर अर्ध्यावर ओढून बसून राहिलो. मग माळ्यावरून पंखा काढला. त्या मॉडेलचं सील फाडलं, दिवे लावले, रेट वरचा ठेवला, पट्टी बांधली. तीन दिवस घड्याळ लावून बसलो, वीज गेली तेवढी मिनिटं वजा केली. कंपनीचा फोन आला, उचलला नाही. एजन्सी गेली समोर, जाऊ दे. एकतीस तास आले. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं आणि पुठ्ठा पिशवीत घालून नानांना परत आणायला गावी गेलो. माझ्या मते हे जबरदस्त काम झालं होतं. पुठ्ठा बघून म्हातारा पाघळणार आणि पिशवी भरणार.

नाना ओट्यावर बसले होते, वाळले होते. मी पुठ्ठा पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"हाई कोनी मोजं?"

"मी मोजलं, नाना."

त्यांनी पुठ्ठा उलटून पाहिला. "सही कठे शे?"

मी खिशातलं पेन काढून सही केली. त्यांनी ती बोटाने चाचपली आणि मग हसले, माझ्याकडे बघून असं पहिल्यांदाच. मी म्हटलं, "चला आता. पंखा लावून ठेवलाय, वर्षा वाट बघतेय."

"आते तं तुम्हीच मोजतस, जवाईबापू," नाना म्हणाले. "मंग मनं तठे काय काम शे?"

मी हरतऱ्हेने समजावलं. नाना पुठ्ठा मांडीवर धरून समाधानाने मान हलवत राहिले, नाही, नाही. त्या पावसाळ्यात ते गावीच वारले. पंखा आजही दुकानात फिरतो, पाट्यांवर माझी सही असते, लोक मात्र नानांचाच आकडा विचारतात. मी त्या दिवशी रिकाम्या हाताने गेलो असतो, मला हे जमत नाही, तुम्ही या, एवढं म्हटलं असतं, तर ते आले असते. पण मला हुशारी दाखवायची होती.