‘काही नको’ चालायचं नाही

आमची पोस्ट बर्फातल्या एका धारेवर होती. दोन फायबरच्या हट, एक बंकर, एक जेनसेट आणि पाय आपटून दाबलेल्या बर्फाचं हेलिपॅड. माणसं सात. पोस्ट कमांडर सुभेदार साहेब हिमाचलचे. मी रेडिओ ऑपरेटर. माझ्या शेजारच्या स्लीपिंग बॅगेत लान्स नायक दिगांबर नेवारे, आमचा दिगूदादा. तो नागपूरच्या वाडीचा, मीही वाडीचाच. नागपुरात असताना आम्ही एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

चार वर्षांची नोकरी संपवून मी परत आलो. आता आम्ही काही पोरं मिळून एक पत्रक वाटतो. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय : आधी विचारा, मग द्या. लोक हसतात. भेटवस्तूंवर कसली आलीय चळवळ, म्हणतात. हे त्यांच्यासाठीच लिहितोय. वाचून झाल्यावर हसून दाखवा.

पोस्टवर दिवस सारखेच. सकाळी हेलिपॅडवरचा बर्फ उपसायचा. मग रेडिओ चेक, चहा, पहाऱ्याची ड्यूटी, पुन्हा बर्फ. जेनसेट रोज थोडा वेळ चालायचा. त्यावर माझ्या सेटच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. पेट्रोलचे जेरिकॅन खालच्या कॅम्पवरून लिंक पार्टी पाठीवर आणायची. पेट्रोल संपलं की बॅटरी संपणार, आणि बॅटरी संपली की पोस्ट बहिरी आणि मुकी.

दिगूदादाने पोस्टवर एक रिवाज पाडला होता. रजेवर जाणाऱ्याने प्रत्येकाला विचारायचं, काय आणू? आणि प्रत्येकाने खरोखर हवी असलेली एकच वस्तू सांगायची. पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा मी संकोचाने म्हणालो, "काही नको, दादा."

"काही नको चालायचं नाही. पुन्हा म्हणशीन तं महिनाभर भांडे घासशीन."

मी पायाची जाड नखं कापायला मोठं नेलकटर मागितलं. तिथे नख वाढून बुटात रुतलं की माणूस लंगडतो. सुभेदार साहेबांनी चष्म्याची एक दांडी मागितली होती. दादाने दोन्ही आणलं. त्या दांडीला साहेब दिवसातून चार वेळा हात लावून बघायचे.

पुढची रजा माझी होती. मी दादाला विचारलं.

"कानाची मशीन."

"कान गेले का तुझे?"

"माह्यासाठी नाही बे, मायसाठी. धंतोलीत भेटते. तिले संग घेऊन जाजो, कानाचं माप लागते."

कारण सगळ्या पोस्टला माहीत होतं. सॅटेलाइट फोनवर त्याची पाळी आली की हटमध्ये कोणी झोपू शकत नसे. "माय, मी बरा हाओ! बरा! अवं, बरा!" फोन ठेवून तो म्हणायचा, "साऱ्या पोस्टले माह्या घरचे लफडे समजतात. फक्त मायलेच समजत नाही."

दिवाळीच्या तोंडावर खालच्या कॅम्पवर खोके आले. नागपूरच्याच एका मंडळाने पाठवलेले. आम्हा दोघांना कोण आनंद! मंडळाची एक अट होती : प्रत्येक जवानाचा भेट हातात धरलेला फोटो दिवाळीआधी हवा, कार्यक्रमात पडद्यावर दाखवायचाय. सेटवर निरोप आला.

"लिंक पार्टी कल आ रही है. पहले दिवाली के गिफ्ट. फोटो परसों चाहिए. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी हँडसेट माझ्या हातून घेतला. "और जेनसेट का तेल? ओव्हर."

"अगली फेरी में. गिफ्ट हल्के हैं, एक बार में आ जाएँगे. ओव्हर."

हलके होतेच. पण एवढे मोठे, की एका पाठीवर एकच मावायचा. ज्या पाठींवर जेरिकॅन यायचे, त्यांवर खोके आले.

आत काय होतं ते सांगतो, मंडळाने ऐकावं. सोनपापडी. काचेच्या पणत्या, अर्ध्या फुटलेल्या. गुळगुळीत शाल, जिच्यातून वारा आरपार जाई. ‘आमचा वीर’ लिहिलेली फ्रेम. आणि रूम फ्रेशनर.

दादाने तो डबा फिरवून फिरवून पाहिला. "कायले देल्लं असन हे? बर्फाले मारू का?"

आम्ही हसलो. रांगेत उभे राहून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि खालची वाट बंद पडली. अगली फेरी आलीच नाही.

बर्फ चालू असतानाच दादाला खोकला लागला. संध्याकाळी त्याच्या छातीत बुडबुडे वाजायला लागले. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं. धडधाकट माणसाच्याही भरतं. इलाज एकच, लगेच खाली नेणं. आम्ही ऑक्सिजन लावला. मी सेटवर कॅज्युअल्टी कळवली. उत्तर आलं : हवामान खराब, ढग उघडले की हेली येईल, हेलिपॅडवरचा वारा आणि ढग कळवत राहा.

कळवायला बॅटरी हवी. जेनसेटमधलं पेट्रोल सकाळीच संपलं होतं, सॅटेलाइट फोनही चार्जिंगविना बंद पडला होता. शेवटच्या बॅटरीचा काटा लाल पट्ट्यावर होता.

साहेबांनी काटा पाहिला. मग म्हणाले, "सेट बंद. घंटे में एक बार खोलना."

ऑर्डर बरोबर होती. त्यांच्या जागी कोणीही हीच दिली असती.

सकाळी ढग खाली होते. सेट उघडला, हवामान सांगितलं, बंद केला. पुन्हा उघडला, सांगितलं, बंद केला. दादा बसूनच होता, आडवं पडलं की गुदमरायचा. ओठ निळे. तरी मला म्हणाला, "काहून असा पाहून राहिला बे? मी काय सिनेमा हाओ?"

मग अचानक धारेवर ऊन पडलं. ढग फाटला. साहेब ओरडले, "सेट खोल!" मी बटण फिरवलं आणि त्याच वेळी आवाज ऐकू आला. फट् फट् फट्. हेली आधीच निघाला होता. ढग त्यांच्या बाजूने आधी फाटला होता आणि त्यांनी वाट पाहिली नव्हती.

सेटवर पायलटने आमच्या पोस्टला हाक दिली, "टायगर फोर, टायगर फोर, हेलिपॅड की हवा बताओ. ओव्हर."

"टायगर फोर, हवा पश्चिम से..."

काटा पडला. सेट मेला. बॅटरी काढून काखेत गरम केली, पुन्हा लावली. काही नाही.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं. खोके, फ्रेमा, शाली हेलिपॅडच्या कडेला टाकल्या, स्टोव्हचं रॉकेल ओतलं, पेटवलं. धूर दिसला की वाऱ्याची दिशा तरी कळेल. काळा धूर निघाला आणि वाऱ्याने बर्फावर आडवा झोपवला. रूम फ्रेशनरचा डबा फटाक्यासारखा फुटला, मोगऱ्याचा वास सुटला. हेलीने दोन घिरट्या घातल्या. ढग मिटला. आवाज लांब गेला.

आम्ही दादाला स्ट्रेचरवर बांधून निघालो. माझ्याकडे पुढचा डावा दांडा. कमरेएवढा बर्फ. दर थोड्या पावलांनी खांदा बदलायचा, मागून साहेब नाडी बघून म्हणायचे, "चलो." वाटेवर आधाराचा दोर बांधलेल्या वळणाशी दादाने माझी बाही धरली.

"मशीन."

"आणतो, दादा."

"मापानं."

त्यानंतर बऱ्याच वेळाने एकदा नाडी बघून साहेब "चलो" म्हणाले नाहीत. आम्ही तरी थांबलो नाही. कॅम्पच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच स्ट्रेचर खाली ठेवलं.

रजेत वाडीला दिगूदादाच्या घरी गेलो. गोदामांच्या मागे दोन खोल्या, बाहेर दिवसभर ट्रक. भिंतीवर सन्मानचिन्हं, खुंटीवर एकावर एक शाली. दादाच्या आई, त्यांना मी मावशी म्हणतो, बाजेवर बसल्या होत्या. मी ओरडून विचारलं, "मावशी, काय आणू तुमच्यासाठी?"

"काही नको गा, बाबू."

"काही नको चालायचं नाही!"

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी मला पाणी दिलं.

त्याच आठवड्यात एका मंडळाने त्यांचा सत्कार केला. मी मागे उभा होतो. वक्ता म्हणाला, तुमचा मुलगा हसत हसत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईने टाळ्या वाजवल्या म्हणून मावशींनीही वाजवल्या. मग शाल, नारळ, चिन्ह, फोटो. एवढे सत्कार केलेत तुम्ही, त्यात एकालाही समजू नये की या बाईला ऐकू येत नाही? तिच्याशी दोन वाक्यं बोलला असतात, तरी समजलं असतं. पण तुम्हाला बोलायचं नव्हतं, द्यायचं होतं.

मी त्यांना धंतोलीत नेलं. कानाचं माप घेतलं. मशीन आलं तेव्हा पुन्हा गेलो. तिथल्या बाईने ते कानात बसवलं आणि अगदी हळू विचारलं, "आजी, येतंय का ऐकू?"

मावशी दचकल्या. "एवढी कायले ओरडून राहिली वं?"

बाहेर रिक्षा, हॉर्न, पेशंटांची गर्दी. म्हटलं गोंधळतील. त्या तर थेट दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि मलाही शेजारी बसवलं.

"आता सांग."

"काय, मावशी?"

"दिगूले काय झालं ते. साहेब येऊन सांगून गेले, पुढारी सांगून गेले. मी नुसती मान हालवली. मले कायबी ऐकू नाही आलं, बाबू."

मी सांगितलं. खोके, पेट्रोल, काटा, धूर, दोराचं वळण, सगळं. आवाज न चढवता. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"मशीन त्यानंच मागलं होतं?"

"हो. मापाने आण म्हणाला."

त्यांनी कानातल्या मशीनला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "बरोबर बसलं."

लान्स नायक दिगांबर नेवारे. वाडीचा. माणसाला काय हवंय ते विचारायचा, आणि तेच आणायचा.