गोदामातली पंगत

आमच्या भागात गिटार पहिल्यांदा 'लांबून' ऐकू आली ती अण्णांच्या कॅसेटमध्ये. हळदीची गाणी सगळेच रेकॉर्ड करायचे. मुरबाडला माझाही छोटा स्टुडिओ होता, आवाजाला घुमारा देणारं, मुंबईहून आणलेलं रिव्हर्बचं यंत्र होतं. पण माझी गिटार नळातून आल्यासारखी वाजायची. अण्णांची कॅसेट लागली की धसईचा जीपवाला आवाज वाढवून म्हणायचा, "काय घुमते रं!" आणि हे मी मागच्या सीटवर बसलेला असताना!

अण्णांकडे यंत्रबिंत्र काही नव्हतं. शहापूरजवळ त्यांचं भाताचं गोदाम होतं. रिकाम्या गोदामात एका टोकाच्या स्पीकरवर गिटार वाजवायची, दुसऱ्या टोकाला माइक ठेवून घुमारा टिपायचा, झालं. दिवाळीनंतर पोती आली की आवाज मुका व्हायचा. मग गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, "भात भरलाय. होळीला या." आणि गिऱ्हाईक थांबायचं! माझा स्टुडिओ बारा महिने उघडा, माश्या मारायला.

बाळू माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर त्याला मीच वाढवलं, त्याची बोटं तारांवर मीच बसवली. कॉलेजात असताना तो गंमत म्हणून अण्णांकडे वाजवायला गेला आणि तिकडचाच झाला. घरी आला की अण्णापुराण सुरू. "दादा, अण्णा म्हनतात, वाद्यं एकावर एक कोंबायची नाय. पंगत हाय ती. एक गिटार डाव्या कानाला बसवायची, दुसरी उजव्या, मधी गाणारा. कोनाचा कोपर कोनाला लागला नाय पायजे." घुमाऱ्याबद्दल म्हणे, "पानी वाढलं का आमटी गेली." मी वैतागून म्हटलं, "मग तिथंच जेवत जा." तो खरंच तिथं जेवायला लागला.

एकदा तणतणत मी गोदामात गेलो. माझा भाऊ परत द्या, एवढंच बोलायचं होतं. अण्णा डोळे मिटून, मान तिरकी करून बाळूची गिटार ऐकत होते. मला पाहून त्यांनी पाट सरकवला. "बस. हा पोरगा कोनी तयार केला रं? हात लई गोड हाय."

"मी."

"मंग तू बी ये ना वाजवायला. उजव्या अंगाला जागा हाय."

माणूस धड रागही करू देईना! भांडायला गेलो आणि चहा पिऊन आलो. वाजवायला मात्र कधी गेलो नाही.

पुढे कॅसेटी गेल्या, कॉम्प्युटर आला. बटण दाबलं की हवा तेवढा घुमारा मिळू लागला. अण्णांचं काम आटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बाळू तरीही दर रविवारी जायचाच, नुसता गप्पा मारायला.

अण्णा गेले. मूलबाळ नव्हतं, अग्नी बाळूनं दिला. आमचे वडील गेले तेव्हा मुंडण मी केलं होतं, तो लहान म्हणून त्याचे केस राखले होते. त्या संध्याकाळी तो चकचकीत डोक्यानं दारात उभा राहिला. माझा जीव कळवळला, आणि जळलाही. म्हटलं, "आत ये, दोन घास खाऊन घे."

"नाय दादा, मला सुतक हाय. तिकडं दिवा ठेवलाय, दहावं होईस्तो तिथंच राहीन."

माझ्या सख्ख्या भावाला सुतक होतं, आणि मला नव्हतं.