सड्यावरचा देव

सन १९३० च्या सुमारास मिरजोळ्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, मी रानफुलांची यादी करत हिंडायचो. यादीत नसलेलं एकच रोप सापडलं, तेही कळीत. खूण म्हणून शेजारी दगड उभा केला. आठ दिवसांनी पाहतो तर दगडाला शेंदूर आणि माथ्यावर माझं फूल!

गवत कापणारी एक म्हातारी कमरेला विळा खोचत म्हणाली, "देव बसवलात नि फूल नाय वाहिलंत, मास्तर? मी वाहिलं."

"आजी, दगड आहे तो!"

"सगळे देव आधी दगडच असतात."

फुलाला हात लावू देईना. "उद्या या. निर्माल्य झालं की न्या."

दुसऱ्या दिवशी तिने सुकलेलं फूल माझ्या ओंजळीत ठेवलं. मी तरी ते टीपकागदात दाबून सुकवणारच होतो. यादीत लिहिलं : आढळ, देवाच्या डोक्यावर.