यमुनाबाईच्या चुलीखालचा दगड

पालीच्या यमुनाबाईचं चुलीखालच्या दगडाशी कधी जमलं नाही. बाई कामाला वाघ, हाताला चव, घर लख्ख. जेवणं उरकली रे उरकली की निखारे ओढून ती शेणामातीचं पोतेरं भिजवायची आणि चूल खालच्या दगडासकट सारवून काढायची. चूल खरकटी ठेवून ती कधी आडवी झाली नाही. एवढी निगा राखूनही दगड मात्र टिकत नसे.

आधी जांभ्याचा चिरा होता. त्याचा भुगा होऊ लागला. मग मुंबईला गोदीत असलेल्या तिच्या नवऱ्याने, भागोजीने, आगबोटीतून चांगली गुळगुळीत फरशी आणली. बंदरापासून पालीपर्यंत बैलगाडीत तो ती मांडीवर घेऊन बसला होता म्हणे! आठ दिवसांत तिचे दोन तुकडे झाले. भागोजी हिरमुसला. "फुडल्या टायमाला लुगडंच आनतो," म्हणाला. त्यानंतर पाथरवट काशीरामचा काळा दगड बसवला. तोही तडकला, तेव्हा यमुनाबाईने भर बाजारात काशीरामचा असा काही उद्धार केला की बिचारा चार दिवस त्या वाटेने फिरकला नाही.

एरवी तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण वैशाखात तिच्या एकुलत्या एका मुलाचं, बाबूचं, लग्न होतं. नव्या नवरीने तडकलेल्या चुलीवर पहिला भात शिजवला तर घर दुभंगतं, असं त्यांच्या वाडीत मानत. एकच मुलगा, एकच सून. तेच दुरावले तर आपलं राहिलं कोण, या धास्तीने यमुनाबाईची झोप उडाली.

शेवटी काशीरामच दुसरा दगड घेऊन आला. खाणीच्या तळातला, काळाकुळकुळीत, ठोकला की खणखणणारा.

"ह्यो तडकला तर मी छिन्नी हातात धरायचा न्हाय," तो म्हणाला.

"बग हां, समद्यांदेखत बोललास," यमुनाबाईने बजावलं.

लग्न थाटात झालं. लांज्याकडची मैना सून होऊन आली आणि नव्या चुलीवर तिने पहिला भात रांधला. भात मोकळा, सार फक्कड. पाहुण्या बायका पोटभर जेवल्या. यमुनाबाई सुखावली. तिने पदर खोचला, निखारे ओढले, पोतेरं भिजवलं आणि चुलीपाशी वाकली. तोच मैनाने तिचा हात धरला.

बायकांच्या माना वळल्या. हळद उतरली नाही आणि सासूचा हात धरते?

"आत्याबाय, वाईच थांबा," मैना हळूच म्हणाली. "दगड तापलाय. आता पानी लावलंत तर तडकंल. आमच्याकडं चूल निवल्याबिगर सारवीत न्हायत."

"म्हंजी खरकटी ठेवू?"

"निवली की मी सारवतंय ना."

'तुझ्या म्हायेरची रीत म्हायेरी ठेव' हे यमुनाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात तिला आठवलं. फरशी तडकली ती जेवणं झाल्यावर, पोतेरं फिरवताना. काळा दगड तडकला तोही तसाच. वर चूल धडधडत असताना कधी म्हणून नाही. म्हणजे ज्या टापटिपीचं आपण गावभर कौतुक करून घेतलं, तीच दगडाच्या मुळावर आली होती! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या बावरलेल्या पोरीच्या तोंडाकडे बघून एकाएकी हसू फुटलं, ते थांबेना. तिने पोतेरं बादलीत टाकलं आणि मैनाला जवळ ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घावन्यांचा डबा घेऊन ती काशीरामकडे गेली आणि चारचौघांत "माजंच चुकलं रं," म्हणाली. काशीरामने घावने खाल्ले आणि वर आणखी मागितले.

तो दगड पुढे कधीच तडकला नाही. वाडीतल्या बायका विचारायला यायच्या, कुठल्या खाणीतला गो?

"दगड कुटलाबी आना," यमुनाबाई म्हणायची, "हात धरनारी सून बगून आना."