पेन ड्राइव्ह काढला की बंद

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेत मी आयटी टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा तीन महिन्यांचं प्रोबेशन होतं; ठेवायचं की नाही, ते त्यानंतर ठरणार. त्याचा शेवटचा शुक्रवार नेमका सत्राच्या मधल्या, हाफ-टर्मच्या सुट्टीत आला. पोरं नाहीत, शिक्षक नाहीत. फक्त मी आणि माझे सीनियर, रिटायरमेंटला आलेले एक गोरे गृहस्थ. सगळे त्यांना नावाने हाक मारत. माझी पुणेरी जीभ काही वळेना, म्हणून मी हाकच मारायचे नाही, जवळ जाऊन खाकरायचे. लग्नानंतर इथे येऊन दोन वर्षं घरात बसून काढली होती. ही नोकरी मला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती.

त्या दिवशी त्यांनी एका सर्व्हरवर नवीन सिस्टिम टाकायला सांगितली. सीडी ड्राइव्ह मेलेला, त्यामुळे सगळं पेन ड्राइव्हवरून. "जमेल ना?" त्यांनी विचारलं. "हो, येतं की," मी म्हणाले. आपल्याकडे आधी हो म्हणायचं आणि मग शिकायचं. ते आपल्या टेबलाकडे गेले.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन मी यूएसबीला पहिला नंबर दिला. मशीन ढिम्म. पुन्हा दिला, पुन्हा तेच. तासभर झक मारल्यावर कळलं, या शहाण्या मशीनने पेन ड्राइव्हला हार्ड डिस्कच्या यादीत बसवलंय. तिथे त्याला सगळ्यांच्या वर चढवलं आणि गाडी सुरू झाली. दुपारपर्यंत सिस्टिम बसली. मी ऐटीत पेन ड्राइव्ह उपटला, मशीन रीस्टार्ट केलं. काळा स्क्रीन. सिस्टिम सापडत नाही म्हणे. पेन ड्राइव्ह परत लावला, तर छान सुरू.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीच त्याला पहिल्या डिस्कचा मान दिला होता, तेव्हा सुरू व्हायला लागणारा तुकडा सिस्टिमने त्याच्यावरच लिहून ठेवला होता. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बोटाएवढी वस्तू मशीनच्या मागे तशीच लावलेली राहिली तर कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. दहा मिनिटं मी तशीच बसून राहिले आणि मला माझाच राग यायला लागला. उद्या कुणी साफसफाई करताना ती काढली, तर सगळी शाळा ठप्प.

गेले, खाकरले, सांगून टाकलं. "चालतंय, पण पेन ड्राइव्ह काढला की बंद. चूक माझी आहे."

ते उठले, मला सर्व्हर रूममध्ये घेऊन गेले आणि शेजारच्या सर्व्हरच्या मागे टॉर्च मारला. काळ्या चिकटपट्टीखाली एक पेन ड्राइव्ह, वर धुळीचा थर.

"माझा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. कुणाला बोललो नाही."

मला हसू आवरेना. तेही हसले, कानापर्यंत लाल झाले.

"सोमवारी आधी तुझा नीट कर," ते म्हणाले, "मग माझा."

सोमवारी, म्हणाले. घरी पोचेपर्यंत बसमध्ये मी तेवढा एकच शब्द घोळवत होते.