बर्फातला गुरुवार

२००९च्या उन्हाळ्यात, मंदीत, दुबईतल्या आमच्या अल बर्शाच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. माझा नवरा अशाच क्रेन भाड्याने देणाऱ्या कंपनीत सेल्सला होता. आदल्या वर्षापर्यंत क्रेन मिळत नाही म्हणून लोक त्याला घरी फोन करून गळ घालायचे. आता फोन वाजला की तो दचकायचा, आणि गुरुवारी जास्तच. शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, म्हणून ज्याला काढायचं त्याला गुरुवारी दुपारी आत बोलवायचे. रविवारी खुर्ची रिकामी दिसायची आणि कोणी काही विचारायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी दार उघडलं की मी आधी त्याच्या हातांकडे बघायचे, टेबलावरचं सामान पिशवीत भरून आणलंय का म्हणून.

अशात आम्हाला सहलीला जायचं होतं. चांगल्या दिवसांत कंपनीने त्याला जास्तीत जास्त धंदा आणल्याबद्दल सहकुटुंब सहलीचं बक्षीस दिलं होतं. कुठे जायचं ते आम्हीच निवडायचं होतं. बक्षीस मिळालेले बाकीचे स्वित्झर्लंडला गेले. आमच्या लेकीने, तेव्हा ती दहा वर्षांची होती, सहलींच्या पुस्तिकेत बर्फात बसलेल्या प्यूमाचा, म्हणजे तिकडच्या बिनठिपक्यांच्या बिबट्याचा, फोटो बघितला आणि त्यावर बोट ठेवलं. "धिस वन." चिलीचं दक्षिण टोक. आपल्याकडे जुलै म्हणजे तिकडे भर हिवाळा, आणि हिवाळ्यातच प्यूमा डोंगरावरून खाली येतात. तिकिटं आमच्या नावावर निघालेली होती. ती परत करता येत नव्हती.

"जाऊ नकोस रे," खालच्या मजल्यावरचा त्याचा ठाण्याचा मित्र म्हणाला. "डोळ्यासमोर असलेल्या माणसाला काढायला जरा तरी जड जातं."

त्याचा साहेब जॉर्डनचा होता, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांना हबीबी, म्हणजे लाडक्या, म्हणणारा. तो म्हणाला, "यल्ला, गो! परत येशील तेव्हा सगळं ठीक असेल, इन्शाल्ला."

घरी आल्यावर नवरा मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "तो इन्शाल्ला कसा म्हणाला असेल? होईल अशा अर्थाने, की होणार नाही अशा?" मी तिथे नव्हते, मी काय सांगणार? माझा आणि मुलीचा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता. नोकरी गेली की घर, शाळा, सगळंच आवरावं लागणार होतं. तरी आम्ही गेलो. न जाता त्या बाल्कनीत बसून राहणं दोघांनाही जमलं नसतं.

पोचायला तीन विमानं लागली. शेवटच्या विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने माझा श्वासच अडकला. लेकीला बर्फ माहीत होता तो मॉलमधला, ठरावीक वेळ तिकीट काढून खेळायचा. ती रस्त्याकडेला वाकली, मूठभर बर्फ उचलून वास घेतला आणि म्हणाली, "आई, इट डझन्ट स्मेल ऑफ एसी."

आमची गाइड पन्नाशीच्या आसपासची, त्याच भागात वाढलेली बाई होती. इंग्रजी बोलायची, पण शब्द मोजून. पहिल्याच सकाळी तिने आम्हाला सगळं समजावलं. तिथे हिवाळ्यात नऊ वाजता उजाडतं, त्याआधी जाऊन खडकांच्या आडोशाला बसायचं. प्यूमा शोधायचा नाही, ग्वानाकोंकडे बघत राहायचं. ग्वानाको म्हणजे उंटाच्या जातीचा, हरणासारखा बारीक, लांब मानेचा प्राणी. कळप चरत असतो आणि एकजण उंचावर उभा राहून पहारा देतो. त्याला प्यूमा दिसला की तो ओरडतो आणि कळप पळतो. "आपण फक्त गप्प बसायचं," ती म्हणाली. "हलायचं नाही. फोन बंद."

नवऱ्याने फोन बंद केला नाही, आवाज तेवढा घालवला. पुढे मात्र दर थोड्या वेळाने हातमोजा काढून फोन बघायचा. त्या खडकांत रेंज नव्हतीच. मागे रस्त्याच्या अंगाला एक टेकाड होतं, तिथे थोडी मिळते असं ड्रायव्हर बोलून गेला होता. तेव्हापासून नवऱ्याचं अर्धं लक्ष त्या टेकाडाकडे. पाय बदलायचा, खोकायचा, थर्मास उघडायचा. लेक दुर्बीण डोळ्यांवरून न काढता कुजबुजायची, "बाबा, प्लीज स्टॉप मूव्हिंग."

पहिल्या काही दिवसांत कोल्हा दिसला, डोक्यावरून कॉन्डर गिधाडं गेली, ग्वानाको तर ढीगभर. प्यूमा नाही. संध्याकाळी लॉजवर शेकोटीपाशी बसलं तरी आमचं बोलणं दुबईचंच चालायचं. कोण राहिलं असेल, कोण गेलं असेल.

मग गुरुवार आला. आम्ही उजाडायच्या आधी जागेवर बसलो, तेव्हा दुबईत ऑफिस सुटायची वेळ झाली होती. थोडं फटफटलं आणि नवरा उठला.

"कुठे?" मी विचारलं.

"आलोच. बघून येतो फक्त."

गाइडने हाताने बस म्हणून खुणावलं, तोवर तो खाली वाकून निघालासुद्धा. लेकीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू तिच्या बापाला मीच वाढवलं होतं.

तो टेकाडावर दिसेनासा झाला आणि थोड्याच वेळात पहाऱ्यावरचा ग्वानाको ओरडला. घोडं खिंकाळावं तसा पण तुटक, हसल्यासारखा आवाज. कळप एका दमात वळून पळत सुटला. पहारेकरी मात्र उभाच होता, मान ताठ करून, आणि त्याची नजर टेकाडाकडे होती.

गाइडच्या हे माझ्याआधी लक्षात आलं. तिने माझा दंड घट्ट धरला. "धावायचं नाही," ती म्हणाली. "ओरडायचं नाही. हळू चला, तिघी एकत्र."

आम्ही खडकाला वळसा घातला. तिथून टेकाडाचा उतार पूर्ण दिसत होता. मी दुर्बीण लावली आणि त्या गोलात दोघं एकदमच दिसले. वर काळ्या जॅकेटमधला माझा नवरा, खाली बर्फात वाळक्या गवताच्या रंगाचा प्यूमा. मध्ये एखाद्या दिवाणखान्याएवढं अंतर. प्यूमा बसलेला होता. नवरा उभा होता, दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरून.

तेवढ्यात फोन वाजला. टेकाडावर जाऊन त्याने आवाज सुरू केला होता. त्या शांततेत रिंगटोन आमच्यापर्यंत स्वच्छ आली. प्यूमाने कान फिरवले आणि तो उठून उभा राहिला. नवरा हलला नाही. फोन वाजून वाजून थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी लेकीचा हात इतका आवळला होता की नंतर तिच्या मनगटावर वळ दिसले.

मग प्यूमाने तोंड फिरवलं आणि तो उताराने चालत निघाला. घाई नाही, काही नाही. एकदा थांबून पंजा झटकला, बर्फ चिकटला असावा, आणि झुडपांत गेला.

नवरा खाली आला तेव्हा तो हसत होता. गाइडने त्याला स्पॅनिशमध्ये लांबलचक काहीतरी सुनावलं. भाषा येत नसली तरी सगळं कळत होतं. लेक त्याला बिलगली आणि मग रडायलाच लागली. "यू सॉ इट सो क्लोज!" त्यातली भीती किती आणि असूया किती, ते मला आजही ठरवता येत नाही.

"कोणाचा फोन होता?" मी विचारलं.

"साहेबाचा."

"मग कर ना परत!"

"नको. आज नको." त्याने फोन बंद केला आणि आतल्या खिशात टाकला. "जे असेल ते रविवारी."

मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत त्याला राहवणार नाही. पण तो राहिला. पुढचे दोन दिवस तो खडकामागे असा बसला की गाइडनेच त्याला एकदा हलवून बघितलं. आता चुळबुळ माझी सुरू झाली. पाय बधिर होत होते, ग्वानाको दिसत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त तो फोन. लॉजवर मी त्याच्याशी भांडले.

"एक फोन करायला काय होतंय? निदान कळेल तरी!"

"कळून इथे काय करणार आहेस? अगं, दोन दिवस राहिलेत फक्त. बघू दे ना."

त्या दोन दिवसांत दुसरा प्यूमा दिसला नाही. त्याची तक्रार नव्हती. मी काय काय बघितलं ते मला नीटसं आठवतही नाही.

रविवारी परतीच्या वाटेवर विमानतळावरून त्याने फोन लावला. साहेबाचा नंबर बंद होता. मग ऑफिसात लावला. पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. बोलणं संपवून तो वळला.

"काय झालं? काढलं?"

"मला नाही," तो म्हणाला. "त्याला. गुरुवारी. आमच्या टीममधल्या एकेकाला फोन करून त्याने निरोप घेतला म्हणे. मीच तेवढा राहिलो."

दुबईला उतरलो तोवर साहेब कुटुंबाला घेऊन अम्मानला गेलेला होता. नवऱ्याने कोणाकोणाकडून नंबर मिळवून पाहिला, मेल पाठवली. उत्तर आलं नाही. कंपनीने पुढे ऑक्टोबरात नवऱ्यालाही मोकळं केलं. तेही गुरुवारीच, पण तो शांतपणे घरी आला आणि आधी चहा मागितला. नंतरचे आठवडे वाईट गेले. मी खोक्यांत भांडी भरायला घेतली, पुण्यातल्या शाळांना फोन केले. शेवटी शारजाच्या हमरिया फ्री झोन या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं, पद आधीपेक्षा लहान. आम्ही शारजाला लहान घरात गेलो आणि लेकीची शाळा बदलली. त्या घराला बाल्कनी नव्हती, स्वयंपाकघराला एक खिडकी होती. सकाळी तो निघाला की मी तिथे उभी राहायचे, गाडी वळेपर्यंत. मग भराभर डबा भरून लेकीला उठवायचे.